मोंढ्यातली तूर आणि मापुटोचा करार : परराष्ट्र धोरणावर पहिलं संशोधन कसं करावं

दरवर्षी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची पोरं लघुप्रबंधाचा विषय चिठ्ठीवर लिहून आणतात, आणि दरवर्षी त्या चिठ्ठ्यांवर तेच असतं. ‘भारत-पाकिस्तान संबंध : एक अभ्यास’. ‘भारत-चीन संबंध : एक चिकित्सक अभ्यास’. एखादा जरा धीट असला की थेट ‘भारताचे परराष्ट्र धोरण, १९४७ ते आजपर्यंत’. मी हसत नाही, कारण माझीही चिठ्ठी अशीच होती. ऐंशी पानं लिहिली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी एका पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे नेहरूंचं वाक्य कुठल्या भाषणातलं?” मी ते एका वर्तमानपत्री लेखातून उचललं होतं. त्या लेखकानं कुठून उचललं होतं, देव जाणे. पुढची दहा मिनिटं मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत काढली.

लातूर, परभणी, हिंगोलीत बसून परराष्ट्र धोरणावर संशोधन होतं का, असं पोरं संकोचून विचारतात. होतं. लागणारे निम्म्याहून जास्त कागद आज मोबाईलवर फुकट उघडतात. अडतं ते प्रश्नापाशी.

प्रश्न घराजवळ शोधा

२०१७ च्या सुरुवातीची गोष्ट. तूर काढून वडील मोंढ्यात घेऊन गेले. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये, आणि सौदे त्याच्या खाली चाललेले. आडतीवर कुणीतरी म्हणालं, आफ्रिकेची तूर आलीय. घरी आल्यावर वडिलांनी मला धरलं, “आपल्याकडं एवढी तूर पडलीय अन् सरकार आफ्रिकेतून कामून आणलंय? तू शिकवतूस ना राज्यशास्त्र, सांग की मग.” मला सांगता आलं नाही. आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या चार सिद्धांतांवर मी तासभर बोलू शकलो असतो, पण या साध्या प्रश्नावर नाही.

मग धागा उसवत गेलो. २०१५ ला दुष्काळ पडला, तूरडाळ शहरांत किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते तर सगळ्यांना आठवतं. त्याच वर्षी जुलैमध्ये पंतप्रधान मोझांबिकच्या राजधानीला, मापुटोला गेले आणि डाळींच्या आयातीचा सामंजस्य करार झाला. २०१६-१७ मध्ये एक लाख टन, तिथून वाढत २०२०-२१ मध्ये दोन लाख टन. करार झाला आणि त्याच पावसाळ्यात आपल्याकडे चांगला पाऊस झाला. तूर अमाप पिकली, भाव कोसळले. करार मात्र कागदावर पक्का होता.

यातून निघालेला प्रश्न असा : देशात तूर भरपूर असताना आणि भाव पडलेले असतानाही भारतानं मोझांबिकला दिलेला शब्द का पाळला? हा परराष्ट्र धोरणाचा प्रश्न आहे. त्यात ‘का’ आहे, दोन देश आहेत, काळ ठरलेला आहे, आणि सरकारनं घेतलेला एक निर्णय आहे ज्याची तारीख सांगता येते. ‘भारत-पाकिस्तान संबंध’ यात यापैकी दोन देश सोडले तर काहीच नाही. माझी कसोटी सोपी आहे : निर्णय कोणता आणि कधी झाला हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर तुमच्याकडे विषय आहे, प्रश्न अजून नाही.

मराठवाड्यात असे प्रश्न पायलीला पन्नास सापडतील. जानेवारी २०२० मध्ये भारतानं रिफाइंड पामतेलाच्या आयातीवर निर्बंध घातले. त्याआधी मलेशियाचे पंतप्रधान महाथीर काश्मीरवर बोलले होते. या दोन गोष्टींचा संबंध किती होता? ऑगस्ट २०२१ मध्ये १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आणायला परवानगी मिळाली, तेव्हा सोयाबीनवाल्यांच्या पोटात गोळा आला होता. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियानं पामतेलाची निर्यातच थांबवली. शेतमालात रस नसेल तर हैदराबादचा प्रश्न आहे, त्यावर पुढे येतो.

तारखांची वही

पुस्तकं उघडायच्या आधी एक साधी दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर तारीख आणि घटना, उजव्या पानावर ती कुठे वाचली. बस. संगणकावर केलं तरी चालेल, पण उजवं पान रिकामं ठेवायचं नाही. मला तोंडी परीक्षेत घाम फुटला तो याच उजव्या पानासाठी. तारखा ओळीनं लागल्या की निम्मे प्रश्न आपोआप दिसायला लागतात. तुरीच्या बाबतीत मार्च २०१७ मध्ये आयातीवर दहा टक्के शुल्क लागलं, ऑगस्टमध्ये आयातीवर मर्यादा आली. म्हणजे सरकारला शेतकऱ्याची ओरड ऐकू आली होती. तरी मोझांबिकचा रस्ता बंद झाला नाही. हे वहीतल्या तीन ओळी शेजारी आल्यावरच खटकतं.

मूळ कागद वाचायची सवय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टीव्हीवरची चर्चा, अग्रलेख, यूट्यूबवरचे ‘सरां’चे व्हिडिओ हे सगळं मूळ कागदावरचं दुसऱ्याचं मत असतं, आणि पुष्कळदा त्या दुसऱ्यानंही कागद वाचलेला नसतो.

एक कागद जवळून बघू. ५ ऑगस्ट २०१७ ची विदेश व्यापार महासंचालनालयाची, म्हणजे डीजीएफटीची अधिसूचना. मजकूर अगदी थोडा. तुरीची आयात ‘मुक्त’ यादीतून ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली, वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. वाचणारा इथे थांबतो आणि लिहितो, ‘सरकारनं तूर आयात रोखली’. पण पुढे आणखी एक वाक्य आहे. त्याचा अर्थ असा की, द्विपक्षीय किंवा प्रादेशिक करारांखाली सरकारनं जी आयातीची हमी दिली आहे तिला ही मर्यादा लागू नाही. आमच्या घरातल्या भांडणाचं उत्तर त्या एका वाक्यात होतं. अधिसूचना नेहमी शेवटपर्यंत वाचा, आणि ‘लागू नाही’, ‘वगळून’, ‘अधीन राहून’ असे शब्द दिसले की पेन्सिलीनं गोल करा.

कागद कुठे मिळतात? परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भाषणं, संयुक्त निवेदनं, वार्षिक अहवाल आणि करारांचा संग्रह आहे. पण एक गोष्ट नव्यांच्या लक्षात येत नाही : परराष्ट्र धोरण एकट्या परराष्ट्र मंत्रालयात नसतं. तुरीचे कागद वाणिज्य, कृषी आणि ग्राहक व्यवहार या मंत्रालयांत विखुरलेले आहेत.

संसदेतली प्रश्नोत्तरं ही तर खाणच. लोकसभा आणि राज्यसभा दोन्हींची उत्तरं शोधता येतात. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर असतं आणि वर पुरवणी प्रश्न येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. खासदारानं (अ) ते (ई) असे भाग पाडून विचारलेलं असतं आणि मंत्री “(अ) ते (ई) : ” म्हणून सगळ्याचं एकत्र उत्तर देतात. अशा वेळी कुठल्या भागाचं उत्तर आलंच नाही ते शोधा. कधीकधी तेच तुमचं प्रकरण असतं. परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीचे अहवालही वाचा. समितीनं सुचवलं काय आणि सरकारनं त्यावर कारवाई केली काय, दोन्ही छापलेलं असतं.

संयुक्त राष्ट्रांतलं मतदानही असंच. २ मार्च २०२२ रोजी महासभेत युक्रेनवरच्या ठरावाला १४१ देशांनी पाठिंबा दिला, ५ विरोधात गेले, ३५ तटस्थ राहिले. त्या ३५ मध्ये भारत होता. आमच्या वर्गात यावर दोन तट पडले, ‘भारत रशियाच्या बाजूचा’ आणि ‘भारत कुणाच्याच बाजूचा नाही’. दोन्ही तटांतल्या एकानंही भारताच्या प्रतिनिधीनं मतदानाबद्दल दिलेलं स्पष्टीकरण वाचलेलं नव्हतं. ते एखाद-दुसऱ्या पानाचं असतं.

माहितीच्या अधिकाराबद्दल पोरं उत्साहानं विचारतात. दहा रुपये भरून अर्ज जरूर करा, पण कायद्याचं कलम ८ आधी वाचा. परराष्ट्र संबंधांना बाधा येईल किंवा परदेशी सरकारकडून विश्वासानं मिळालेली माहिती आहे, असं म्हणून नकार देता येतो. प्रबंधाची मुदत सहा महिन्यांची असेल तर सगळी भिस्त यावर ठेवू नका.

समोरच्या देशाचंही ऐका

आपल्याकडचे बहुतेक प्रबंध एकतर्फी तारेसारखे असतात. दिल्लीत काय म्हटलं गेलं एवढंच त्यात असतं. मोझांबिकमध्ये लोक तूर फारशी खात नाहीत, ती मुख्यतः भारतासाठी पिकते. २०१७ मध्ये आपण मर्यादा घातली तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांचेही भाव पडले. मोंढ्यातला माणूस आणि नाम्पुला प्रांतातला माणूस एकाच निर्णयाखाली भरडले जात होते, हे मला फार उशिरा कळलं.

तिथली राजभाषा पोर्तुगीज. घाबरायचं कारण नाही, भाषांतराची साधनं आहेत, आणि ‘क्लब ऑफ मोझांबिक’सारख्या संकेतस्थळावर इंग्रजीतून बातम्या मिळतात. फक्त शोधताना तिकडचा शब्द वापरा. तुरीला तिथे ‘फेइझाँव बोएर’ म्हणतात, रोमन लिपीतलं स्पेलिंग शब्दकोशातून काढून घ्या. २०२३ च्या अखेरीस नकाला बंदरात भारताकडे निघालेली तूर तिथल्या निर्यातदारांच्या कोर्टकचेरीत अडकली होती. ती गोष्ट आपल्या वर्तमानपत्रांपेक्षा त्या शब्दानं शोधल्यावर जास्त उलगडते.

चीन, अमेरिका, पाकिस्तानवर काम करत असाल तर एका भेटीनंतर दोन्ही सरकारांनी काढलेली निवेदनं शेजारी ठेवा. एकात असलेला आणि दुसऱ्यात नसलेला परिच्छेद हाच मुद्दा. मुत्सद्द्यांची भाषाही ओळखायला लागते. चर्चा ‘फ्रँक’ झाली असं लिहिलेलं दिसलं की समजा, आत वाजलं होतं.

आकडे आणि त्यांचे खड्डे

वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात माहितीकोशात देश आणि वस्तू निवडून आकडे मिळतात. वस्तू नावानं नाही, कोडनं शोधायची. तुरीचा कोड ०७१३६०, पामतेलाचा १५११, सोयातेलाचा १५०७. इथे पहिल्या वर्षीची पोरं हमखास एका खड्ड्यात पडतात. आपल्या मंत्रालयाचं वर्ष एप्रिल ते मार्च. संयुक्त राष्ट्रांच्या ‘कॉमट्रेड’मध्ये जानेवारी ते डिसेंबर. दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात बसवले की तक्ता खोटं बोलायला लागतो. दुसरं, मोझांबिकनं दाखवलेली निर्यात आणि भारतानं दाखवलेली आयात कधीच तंतोतंत जुळत नाही. माल निघतो एका वर्षात, पोचतो दुसऱ्यात, आणि आयातीच्या किमतीत भाडं-विमा धरलेला असतो. फरक दिसला तर लपवू नका, तळटीपेत सांगून टाका.

सिद्धांताचं काय करायचं?

‘सैद्धांतिक चौकट’ हे प्रकरण बहुतेकजण शेवटी कुणाच्या तरी प्रबंधातून आणून चिकटवतात. वास्तववाद म्हणजे काय, उदारमतवाद म्हणजे काय, दहा पानं. मग तूर सुरू होते आणि वास्तववाद परत भेटत नाही. त्यापेक्षा तुमच्या ‘का’ची दोन-तीन संभाव्य उत्तरं लिहा आणि प्रत्येकाला पुरावा मागा.

तुरीचं घ्या. पहिलं उत्तर : सरकारला शहरातल्या ग्राहकाची भीती. डाळ महागली की सरकारं हादरतात, म्हणून हा करार म्हणजे विमा. पुरावा? मोझांबिकची तूर तिकडे ऑगस्टच्या सुमारास निघते, आपली बाजारात येते डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे आपली कोठारं रिकामी व्हायला लागतात तेव्हा, सणासुदीच्या तोंडावर तिकडचा माल येतो. उत्तर वजनदार वाटतं. दुसरं उत्तर : डाळ हे निमित्त, खरा रस नैसर्गिक वायू आणि हिंदी महासागरात. मोझांबिकच्या रोवुमा खोऱ्यातल्या ‘एरिया १’ या वायू प्रकल्पात ओएनजीसी विदेश, भारत पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. हेही पटतं. पण २०२१ मध्ये मोझांबिकचा करार आणखी पाच वर्षांसाठी वाढवला तेव्हा मलावीलाही वर्षाला ५० हजार टनांची आणि म्यानमारला एक लाख टन तुरीची हमी मिळाली. मलावीकडे ना समुद्र, ना वायू. मग दुसरं उत्तर जरा लंगडं पडतं. तिसरं उत्तर असं की दिलेला शब्द मोडला तर उद्या आफ्रिकेत कुणी विश्वास ठेवणार नाही. हे भाषणांत पुष्कळ सापडेल, पण भाषणातलं कारण आणि खरं कारण एकच असतं असं नाही.

हा खेळ म्हणजेच विश्लेषण. यातलं पहिलं उत्तर देशांतर्गत राजकारणातून परराष्ट्र धोरण समजावणाऱ्यांचं, दुसरं वास्तववाद्यांचं, म्हणजे देश ताकद आणि स्वार्थ बघूनच वागतात असं मानणाऱ्यांचं. सिद्धांत असा आपणहून येऊन बसतो. माझं मत पहिल्याकडे झुकतं. एका विद्यार्थिनीनं मागच्या वर्षी वायूची बाजू इतकी नेटानं मांडली की मी गप्प बसलो.

जुन्या काळावर काम करणाऱ्यांसाठी

१७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. पण २१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादच्या निजाम सरकारनं भारताविरुद्ध थेट सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली होती, हे वर्गात विचारलं तर दोन हात वर येतात. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेनं हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. दुसऱ्या दिवशी निजामाची शरणागती. म्हणजे एक दिवस का होईना, आपलं परभणी-नांदेड सुरक्षा परिषदेच्या टेबलावर होतं. ती तक्रार आणि त्या बैठकांची इतिवृत्तं संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात मोफत आहेत. त्याच सप्टेंबरमध्ये लंडनच्या बँकेत निजामाच्या खात्यातले दहा लाख पौंडांहून थोडे जास्त पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे गेले. तो खटला ऑक्टोबर २०१९ मध्ये निकाली निघाला, भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूनं. निकालपत्र इंटरनेटवर आहे आणि त्यात १९४८ ची कागदपत्रं न्यायाधीशांनी एकेक करून तपासली आहेत. पुरावा कसा तोलायचा हे शिकायला याहून चांगला पाठ मी पाहिलेला नाही.

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर नोंदणी करून फायली शोधता येतात. शोधताना जुनी नावं टाका. अंबाजोगाई मिळणार नाही, मोमिनाबाद मिळेल. निजाम राजवटीचे कागद हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहेत, बरेचसे उर्दू-फारसीत. रात्रीची रेल्वे धरली की सकाळी तिकडे. मार्गदर्शकांचं पत्र आणि ओळखपत्र सोबत ठेवा. घरात कुणी आजोबा उर्दू माध्यमात शिकलेले असतील तर त्यांना एक पान वाचायला द्या. आमच्या आळीतले एक चुलते निवृत्तीनंतर अशा कामात एवढे रमले की आता तेच मला फोन करून विचारतात, “फाईल आणलास का नाही नवीन?” अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे जुने दस्तऐवज ‘फ्रूस’ या मालिकेत मोफत आहेत. १९७१ वर काम करणाऱ्यानं त्याचा त्या वर्षाचा दक्षिण आशियाचा खंड न वाचणं म्हणजे तुळजापूरला जाऊन देवीचं दर्शन न घेणं.

वाचन, मुलाखती आणि इंग्रजी

आधी कुणी काय लिहिलं हे ‘शोधगंगा’ या विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर बघा. प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची आधी वाचा, मग प्रबंध. तुमचं महाविद्यालय संशोधनाची नियतकालिकं ऑनलाइन वाचू देणाऱ्या ‘एन-लिस्ट’मध्ये आहे का, किंवा तशाच ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली येतं का, हे ग्रंथपालांना विचारा. पुष्कळ ठिकाणी पासवर्ड पाकिटात पडून असतो आणि विचारायला कुणी येत नाही. आयसीडब्ल्यूए, मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्था, ओआरएफ, मुंबईचं गेटवे हाउस या परराष्ट्र धोरणावर लिहिणाऱ्या अभ्याससंस्थांचे लेख मोफत असतात. मात्र वाचताना संस्थेला पैसा कुठून येतो तेही बघा.

मुलाखतीसाठी दिल्लीचे निवृत्त राजदूत मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर लातूरच्या डाळमिलवाल्याकडे जा. मापुटोचा भाव, जहाजाचे दिवस आणि म्यानमारच्या तुरीला ‘लेमन’ का म्हणतात, हे तो चहा संपेपर्यंत सांगतो. परवानगी घ्या, नाव नको म्हणाला तर नाव टाकू नका. आणि त्याचाही हितसंबंध आहे, हे विसरू नका. स्वस्त आयात त्याला हवीच असते.

इंग्रजीची भीती खरी आहे, ती लाजून जात नाही. रोज एकच सरकारी निवेदन घ्या आणि त्याचा मराठीत गोषवारा लिहा. सुरुवातीला दोन तास लागतात. महिन्याभरात तेच तेच दोनशे शब्द फिरून येतायत हे लक्षात येतं. पहिला कच्चा मसुदा मराठीतच लिहा, प्रबंध इंग्रजीत द्यायचा असला तरी. ज्याला मराठीत मुद्दा मांडता येत नाही, त्याचा मुद्दा इंग्रजीत फक्त झाकला जातो.

एआयच्या साधनांबद्दल एकच सांगतो. ती अस्तित्वात नसलेली पुस्तकं आणि लेख छान छापील रूपात देतात. जो संदर्भ तुम्ही स्वतः उघडून पाहिला नाही, तो वहीच्या उजव्या पानावर जाणार नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं म्हणून कुणी निश्चिंत असतो. पण परीक्षक टक्के मोजत नाही, तो एका वाक्यावर बोट ठेवतो.

मार्गदर्शकांकडे जाताना

एकच पान न्या. वर प्रश्न, एका वाक्यात. खाली निर्णय आणि तारीख. मग दोन संभाव्य उत्तरं, प्रत्येकापुढे कुठला पुरावा लागेल ते. मग तुम्ही प्रत्यक्ष उघडून वाचलेले पाच मूळ कागद. ‘वाचणार आहे’ असे नाहीत. शेवटी काय करणार नाही ते : माझ्या विद्यार्थिनीनं लिहिलं होतं, ‘उडीद नाही, चीनची आफ्रिकेतली गुंतवणूक नाही, २०२१ नंतरचं नाही’. मार्गदर्शक बहुतेक वेळा याच ओळीवर अडतात आणि म्हणतात, एवढंच? हो म्हणा, एवढंच, आणि पाच कागदांची झेरॉक्स टेबलावर ठेवा.